नदी एकच, नावे दोन

महोदय,

म्हादई आणि मांडवी या जणू दोन वेगळ्या नद्या, असे समजून लिहिलेला मजकूर वारंवार वाचनात येतो. नदी एकच. कर्नाटकात खानापूर तालुक्यातील देगावजवळ उगम पावून ती म्हादई म्हणून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतरते आणि पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. दूधसागर धबधब्याचे पाणीही खांडेपार नदीवाटे तिलाच येते. खोरे २,०३२ चौ. किमी, त्यातले १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि महाराष्ट्रात जेमतेम ७७.

या नदीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला वर्षाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, त्यावर भांडण चालूच आहे. पण वर्षाच्या बेरजेत उन्हाळा दिसत नाही. जवळपास सगळे पाणी पावसाळ्यातले. एप्रिलमध्ये रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहताना एक नारळ तरंगताना दिसला. पणजीकडे, समुद्राच्या दिशेने जायचे सोडून स्वारी उलटी, जुन्या गोव्याकडे निघालेली! भरती होती. वरून गोडे पाणी कमी आले की हेच खारे पाणी आणखी आत शिरते. वाटपाच्या बातमीसोबत महिनावार प्रवाहाचे आकडेही छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, रायबंदर