झाला तरी फोन करीन, म्हणालात

ताई,

तुमचं नाव इथं टाकत नाही. पोलिसात चांगलं काम केलं तरी वरून विचारणा होते असं ऐकून आहे. तुम्ही वाचलंत की ओळखालच.

जून २०२० मध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, बांधाच्या भांडणात माझ्या मालकांना जिवानिशी मारलं. मारणारा शेजारच्याच शेतातला. बघणारी मी एकटी. पुढचं सगळं कोर्टात सांगून झालंय, परत सांगवत नाही.

जानेवारी २०२२ ची वेळ अमावस्या. आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळा गाव शेतात. सासूबाई कडब्याच्या कोपीत, पांडव म्हणून मांडलेल्या दगडांपुढं बसल्या होत्या, मी भज्जी वाढत होते. धाकटा म्हणाला, "आई, ते काका इकडं का बघायलेत?" बांधापलीकडं तो उभा. जामीन होऊन आठ दिवस झालेले. किराणावाल्याला माहीत, दळणाच्या गिरणीवर माहीत, मला तेवढं माहीत नाही. आणि साक्ष तर माझीच व्हायची होती! दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले, तर टेबलामागचे साहेब मान वर न करता म्हणाले, "कोर्टानं सोडलं. आम्ही काय दवंडी पिटायची का?"

त्या साहेबांनाही माझा नमस्कार सांगा. तुमची किंमत त्यांच्यामुळंच कळाली.

दवंडी कुणीच मागितली नव्हती. वकील सांगत होते, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये जामिनाची सुनावणी असली की पीडिताला आधी कळवावंच लागतं. लेकरांवरच्या अत्याचाराचा पोक्सो कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांत तर आरोपी आत आहे की बाहेर, हे लेकराच्या घरच्यांना सांगायचं म्हणून लिहूनच ठेवलंय. म्हणजे कळवता येतं. आमच्यासारख्या साध्या ३०२ वाल्यांच्या, म्हणजे खुनाच्या केसवाल्यांच्या दारात मात्र कुणीतरी आपणहून यावं लागतं.

तुम्ही आलात. २०२३ मध्ये जन्मठेप झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता सुटलो. जन्मठेपेच्या कैद्यालाही संचित रजा, म्हणजे काही दिवस तुरुंगाबाहेर राहायची सुटी असते, हे यंदा तुमच्याच तोंडून ऐकलं. पहिल्यांदा तुम्ही जबाब घ्यायला आला होता, ते कामच होतं. रजा मंजूर झाल्यावर दुसऱ्यांदा आलात, ते कुणी सांगितलं नव्हतं. साध्या ड्रेसवर, स्कूटी पार मंदिरापाशी लावून. वर्दीत आला असता तर गल्ली गोळा झाली असती. तो बहिणीच्या गावी राहणार, तिथल्या ठाण्यात त्याची हजेरी आहे, एवढं सांगितलंत. मी ऐकत होते, पण कानात काही शिरत नव्हतं.

मग तुम्ही चहाचा कप खाली ठेवून उठलात आणि पिठाच्या डब्यावरच्या कॅलेंडरपाशी गेलात. त्यावर मी दुधाचे आकडे मांडते, दीड लिटर, दोन लिटर. तिथंच दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीनं तुम्ही त्याच्या सुटण्याच्या तारखेला गोल केला. मला वाटलं झालं. तुम्ही पान उलटलंत, बोटानं २१ दिवस मोजलेत आणि पुढच्या महिन्यात दुसरा गोल केलात. म्हणालात, "ह्या दिवशी त्याला परत हजर व्हायचंय. नाही झाला तर फोन करीन. झाला तरी करीन."

ताई, बाहेर येतोय हे काय, आज ना उद्या गावानं सांगितलंच असतं. परत जायची तारीख मला आजवर कुणीच दिली नव्हती. त्या २१ दिवसांत मी काही शूर झाले नाही. दाराला आतून पाटा लावून झोपत होते, कुत्रं भुंकलं की उठून बसत होते. पण सकाळी दूध घालून आले की एक दिवस खोडायचे. पोरगी म्हणायची, "आई, अकरा राहिले." भीतीलाही शेवट असला की माणूस स्वयंपाक तरी नीट करतो. त्याआधीच्या जामिनात मी वर्षभर भाजीत मीठ विसरत होते.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी सव्वासातला फोन वाजला. "गेला आत. झोपा आता." एवढंच. मागं गाड्यांचा आवाज होता, तुम्ही रस्त्यातच होता बहुतेक. मी आभारसुद्धा मानले नाहीत, फोन हातात धरून तशीच चुलीपाशी बसले. सासूबाईंनी विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, माहेरचा.

आमच्या अंगणवाडीपुढून मुक्कामी एसटी जाते. तिचा कंडक्टर गाडी हलवण्याआधी खाली वाकून बघतो, कुणी पळत येतंय का म्हणून. त्याला त्यासाठी पगार जास्त मिळत नाही. अशी माणसं आहेत म्हणून गावाकडचं चालतंय.

येत्या वेळ अमावस्येला लेकरांना घेऊन शेतात जेवायला या. भज्जी आहे, उंडे आहेत, आंबील तर ढीगभर असते.

आणि एक मागणं. रजा पुढंही मिळत राहणार, तुमची बदलीही कधीतरी होणार. जाताना नव्या माणसाला माझा नंबर तेवढा लिहून देऊन जा.

तुमची,
अंगणवाडीवाली