बाळंतिणीला सल्ला तिच्या घरी मिळावा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या निमित्ताने व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात; मात्र ज्या बाळंतिणीला पाजण्याची अडचण खरोखर येते, ती आपल्या घरांमध्ये सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पडत नाही, ही साधी गोष्ट आयोजकांच्या लक्षात येत नाही. सभागृहातील खुर्च्यांवर बहुधा तीच मंडळी असतात, ज्यांची मुले केव्हाच शाळेत जाऊ लागलेली असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात, तरीही जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके सुमारे ४२ टक्केच आहेत. खासगी रुग्णालयांतील जवळजवळ निम्म्या प्रसूती शस्त्रक्रियेने होतात, हे त्यामागचे एक कारण म्हणता येईल. पण आई शुद्धीवर असेल तर शस्त्रक्रियेनंतरही बाळाला लवकर अंगावर घेता येते, फक्त जवळ उभे राहून मदत करणारे कोणीतरी लागते. पुढे घरी आल्यावर, दूध उतरून छाती दगडासारखी होते, बाळाला नीट धरता येत नाही, ते रडते आणि घरात निष्कर्ष निघतो की दूध पुरत नाही. मग पावडरीचा डबा येतो, बाळ कमी ओढू लागते आणि त्यामुळे दूध खरोखरच कमी होते. परिचारिका म्हणून काम करताना हे मी वारंवार पाहिले आहे. वास्तविक पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरत असते. एवढे सांगायला आणि बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळा भागही जातो आहे ना हे पाहायला, कोणी घरी आले तरी पुष्कळ डबे दुकानातच राहतील.

सरकारी व्यवस्थेत हे काम आशा कार्यकर्तीकडे आहे. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ४२ दिवसांत सहा गृहभेटी तिने द्यायच्या असतात. परंतु शहरात आशांची नेमणूक प्रामुख्याने गरीब वस्त्यांसाठी असते आणि ते योग्यच आहे. परिणामी आपल्या इंदूरमधील लोकमान्यनगर, सुदामानगर किंवा रामबागेतील सदनिकेत राहणाऱ्या, खासगी रुग्णालयातून घरी आलेल्या मुलीकडे मात्र कोणीच फिरकत नाही.

ढाका शहरात झालेला एक अभ्यास २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परिसरातल्याच काही मातांना दहा दिवसांचे प्रशिक्षण देऊन त्यांनी गरोदरपणापासून घरोघरी भेटी दिल्या. पाचव्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण भेटी मिळालेल्या भागांत ७० टक्के, तर इतर भागांत अवघे ६ टक्के होते.

आपल्या शहरातील मराठी मंडळांना आणि भगिनी मंडळांना हे सहज जमण्यासारखे आहे. निवृत्त परिचारिका आणि नुकतेच मूल वाढवलेल्या माता अशा दोघींची जोडी करून सातव्या महिन्यात एक आणि बाळंतपणानंतरच्या पंधरवड्यात निदान तीन भेटी द्याव्यात. भेटीच्या वेळी आजी समोर हवी, कारण घरात शब्द तिचा चालतो. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने खुशाल खावेत. पण बाळाला मध चाटवणे, गुटी उगाळून देणे आणि इंदूरच्या मे महिन्यात 'घसा सुकतो' म्हणून चमच्याने पाणी पाजणे थांबवायला हवे. पहिले सहा महिने पाण्याचीही गरज नसते, कारण अंगावरच्या दुधात ते भरपूर असते. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. आजीशी हे आदराने आणि निवांतपणे बोलावे लागते. चैत्रातले हळदीकुंकू त्यासाठी व्याख्यानापेक्षा बरे.

मात्र ज्या आईला डॉक्टरांनी वरचे दूध द्यायला सांगितले असेल, तिला अपराधी वाटेल असे बोलणाऱ्या बाईला या कामात घेऊ नये. तसेच बालान्नाच्या कंपन्यांकडून एक रुपयाही स्वीकारू नये. १९९२च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि प्रायोजकत्व ही मागच्या दाराने केलेली जाहिरातच ठरते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लोकमान्यनगर, इंदूर