नगरच्या संग्रहालयातला एखादा तरी रणगाडा सुरू व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगरकराला रणगाडा आधी कानांनी कळतो. लष्कराच्या के. के. रेंज या सराव-मैदानावर तोफा डागायला सुरुवात झाली की तोफांचे धमाके आसपासच्या गावांत ऐकू येतात. माझ्या लहानपणी मांडणीवरच्या पितळी डब्यांची झाकणे वाजू लागली की आजी चुलीपुढून मान वर न करता ‘आले मिलिटरीवाले’ एवढेच म्हणायची. पुण्या-मुंबईहून आपल्या शहरातले रणगाडा संग्रहालय पाहायला येणाऱ्यांना मात्र हे सुख नाही. त्यांच्यापुढे असते ते फक्त रंग दिलेले, उन्हात तापलेले, मुके लोखंड.

संग्रहालयाला नावे ठेवण्यासाठी हे पत्र नाही. 1994 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पन्नासच्या आसपास गाड्या आहेत, आणि रोल्स रॉईसच्या सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडीपासून सेंच्युरियन, पॅटन, विजयंता या रणगाड्यांपर्यंतचा असा पट आपल्या देशात दुसरीकडे एका आवारात पाहायला मिळत नाही. माझी विनंती एवढीच, की यांपैकी एक-दोन रणगाडे चालत्या स्थितीत आणून वर्षातून एखाद्या दिवशी लोकांसमोर मैदानात फिरवावेत.

इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयाने हे करून दाखवले आहे. 1943 मध्ये ट्युनिशियात हाती लागलेला जर्मन ‘टायगर 131’ रणगाडा दीर्घ दुरुस्तीनंतर तिथे स्वतःच्या बळावर चालतो. झीज होऊ नये म्हणून तो मोजक्याच दिवशी बाहेर काढतात, आणि त्या दिवशी लोक लांबलांबून येतात. आपल्याकडे 2022 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात 1971 च्या युद्धातले सेंच्युरियन आणि पीटी-76 रणगाडे पाहून माझ्यासारख्याचा ऊर भरून आला खरा, पण ते ट्रेलरवर चढून आले होते, हेही डोळ्यांना खुपले.

चालता रणगाडा पाहण्याने फरक काय पडतो, हे पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईवरून सांगतो. सप्टेंबर 1965 मध्ये आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडले आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, हे आपण वाचलेले असते. पण ओल्या रानात ट्रॅक्टर फसला तर काय दशा होते हे जाणणाऱ्या आमच्या भागातल्या शेतकऱ्यालाही 46 टनांचे धूड पट्ट्यांवर कसे तरंगते आणि कुठल्या क्षणी बसते, हे फलक वाचून कळणार नाही. पट्ट्यांखाली माती कशी पिळली जाते, चालकाला समोरचे किती थोडे दिसते, आणि उसात दबा धरून बसलेल्या आपल्या शर्मन रणगाडेवाल्यांना इंजिने बंद ठेवून शत्रूच्या इंजिनांचा आवाज कसा ऐकावा लागला असेल, हे समजायला निदान एक इंजिन आपल्यासमोर सुरू व्हायला हवे. सेंच्युरियनचे मेटेऑर इंजिन तर स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनावर बेतलेले, बारा सिलिंडरांचे आणि 27 लिटरचे. ते पेट्रोल कसे पिते हे एकदा पाहिले, की आघाडीमागे इंधनाच्या गाड्यांची एवढी धावपळ का असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यावर रास्त आक्षेप आहे: मूळ वस्तू वापरली की झिजते, आणि एकदा बदललेला भाग मूळ राहत नाही. म्हणूनच सिल्व्हर घोस्टसारख्या दुर्मीळ गाड्यांना हात लावू नये. विजयंताची गोष्ट वेगळी. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात तयार झालेले हे रणगाडे देशभर चौकाचौकांत स्मारक म्हणून उभे आहेत, आणि त्यांतल्या एखाद्या गंजत चाललेल्या गाडीचे सुटे भाग दुसरीला जिवंत करू शकतील. डांबरी रस्त्यावर पट्टे फिरवण्याचा प्रश्नच नाही. मातीचे मैदान, पुरेसे अंतर आणि दोरखंडाचे कुंपण एवढ्यावर भागेल. (आमच्याकडच्या तमाशाच्या फडालाही याहून जास्त बंदोबस्त लागतो!)

खर्चापेक्षा मला वेळेची काळजी अधिक वाटते. 1971 मध्ये विशीत असलेला मेकॅनिक आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. कुठली झडप कशी अडते आणि थंडीत इंजिन कसे चुचकारावे लागते, हे पुस्तिकेत नसते; त्याच्या बोटांत असते. लष्कराच्या ईएमई या वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेतून निवृत्त झालेली अशी माणसे आपल्या जिल्ह्यात असणारच. संबंधित अधिकाऱ्यांनी निदान त्यांची यादी तरी यंदा करायला घ्यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, अहिल्यानगर