रिकॉलची चिठ्ठी जुन्या मालकाकडे

मा. संपादक,

गेल्या श्रावणात खानापूरहून जांबोटी, कणकुंबीमार्गे गोव्याला निघालो होतो. चोर्ला घाटाच्या उतारावर आमच्या छोट्या एसयूव्हीचा ब्रेक अचानक दगडासारखा घट्ट झाला. दोन्ही पाय देऊन दाबला, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे गाडी डोंगराच्या बाजूला टेकली. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुलं होती.

बेळगावच्या सर्व्हिस सेंटरात चॅसी नंबर टाकल्यावर कळलं, ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या दोषासाठी ही गाडी केव्हाच रिकॉलमध्ये आली होती, म्हणजे कंपनीने ती दुरुस्तीसाठी परत बोलावली होती. कंपनीची चिठ्ठी मात्र कोल्हापूरच्या पहिल्या मालकाला गेलेली. आपल्या भागात एमएच पासिंगच्या कितीतरी जुन्या गाड्या घेऊन त्या केए-२२ (बेळगाव पासिंग) करून चालवतात. मालक बदलल्याची नोंद आरटीओत असते, मग चिठ्ठी जुन्याच पत्त्यावर का जाते?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती सरकार करू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियमही लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार 'वाहन' पोर्टलवर करता येते, पण ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यावरच ही सक्तीची कारवाई सुरू होते. म्हणून गॅरेजवाल्याशी बोलून थांबू नका, तक्रार नोंदवा. जुनी गाडी घेताना आरसीवरचा १७ अक्षरी चॅसी नंबर सर्व्हिस सेंटरात दाखवून रिकॉल आहे का ते तपासून घ्या. माझा पंप फुकट बदलून मिळाला.

कंपन्यांनी रिकॉलची सूचना सध्याच्या मालकाला, मराठी आणि कन्नडमध्ये, फोन करून द्यावी.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)