फोटोखाली दोन ओळी जास्त छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर तुम्ही जे मोठ्ठे फोटो छापता ना, कधी फुलपाखराचा पंख, कधी तेजोमेघ, कधी बर्फाचा कण, ते मला जाम आवडतात, मी पेपर हातात आला की आधी तेच पान उघडतो. पण फोटोखाली काय असतं? 'निसर्गाची किमया'. नाहीतर 'अद्भुत!' बास. अहो अद्भुत आहे ते आम्हालाही दिसतंय की, पण फोटो काढला कसा, वस्तू केवढी आहे, रंग खरे आहेत का नंतर भरलेत, यातलं एक अक्षर नाही. कधीकधी तर परागकण आहे का एखादा ग्रह आहे तेही कळत नाही.

बर्फाच्या कणाचंच घ्या. अमेरिकेतल्या व्हर्मॉंटमध्ये विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता, त्याने 1885 साली मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि मग 1931 साली मरेपर्यंत त्याचा हाच नाद, 5000 च्या वर फोटो काढले. सगळं काम कडाक्याच्या थंडीत, कारण कण वितळायच्या आत उरकायचं, त्याच्यावर श्वाससुद्धा पडू द्यायचा नाही. आता त्या फोटोंत कणाच्या मागे जो काळाभोर रंग दिसतो तो कॅमेऱ्यातून तसा आलेला नाही बरं का, निगेटिव्हवर कणाच्या कडेकडेने खरवडून त्याने तो आणलाय! मग ही फसवाफसवी झाली का? मला नाही वाटत. सहा कोन त्याने कोरलेले नाहीत, पाण्याचे रेणू गोठताना षटकोनातच जुळतात म्हणून ते येतात, आणि प्रत्येक कण ढगातून खाली येताना वेगवेगळ्या तापमानातून आणि ओलाव्यातून जातो म्हणून नक्षी वेगळी. खरवडलंय एवढं सांगितलं की झालं.

अवकाशातल्या फोटोंचं तर विचारूच नका. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीचा 1995 सालचा तो धुळीच्या खांबांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, ईगल नेब्युला नावाच्या तेजोमेघातला, म्हणजे वायू आणि धुळीच्या प्रचंड ढगातला. त्यात गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा प्रकाश वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलाय, प्रत्येक वेळी ब्लॅक अँड व्हाइट, आणि नंतर गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे रंग दिलेत. गंमत म्हणजे हायड्रोजनचा तो प्रकाश मुळात लालच असतो, गंधकाचाही लाल, मग दोन्ही लालच ठेवले असते तर कुठे काय आहे ते वेगळं ओळखता आलं असतं का? म्हणजे रंग सजावटीसाठी नाहीत, ती माहिती आहे, पण कोणी सांगेल तेव्हा ना. 2019 मध्ये आलेला ब्लॅक होलचा फोटोही तसाच, तो रेडिओ लहरींवरून बनवलाय, डोळ्यांना त्या दिसतच नाहीत, नारिंगी रंग माणसांनी निवडलाय.

त्याच 1995 च्या डिसेंबरात हबलने सप्तर्षीजवळच्या आकाशाच्या एका इवल्याशा तुकड्याकडे 10 दिवस डोळे लावून ठेवले होते, तिथे जवळपास काहीच नाही असं दिसत होतं म्हणून मुद्दाम तो निवडला, आणि निघाल्या किती तर सुमारे 3000 दीर्घिका. हा फोटो नुसता छापला तर काळ्यावर रंगीत ठिपके, आपण पान उलटून पुढे जाणार. पण यातले मोजके सोडले तर बाकी प्रत्येक ठिपका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची आख्खी दीर्घिका आहे असं खाली लिहिलं असतं तर? मी तरी चहा बाजूला ठेवला असता.

बारीक वस्तूंच्या फोटोंचंही तेच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरतो, त्याचे फोटो मुळात करडेच असतात, इलेक्ट्रॉनला कुठला आलाय रंग, पण छापून येतात झगमगीत. मॉर्फो नावाच्या फुलपाखराचा निळा मात्र खराखुरा, तरी पंखात निळं रंगद्रव्य नाहीच! छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांच्यावरच्या बारीक बारीक कंगोऱ्यांतून प्रकाश असा परततो की निळाच उठून दिसतो, त्यावर अल्कोहोलचा थेंब टाकला तर तोच पंख हिरवा होतो. आता सांगा, हे कळल्यावर तो निळा कमी सुंदर वाटतो का?

हल्ली कॉम्प्युटरला सांगितलं की कसलंही चित्र बनवून मिळतं, व्हॉट्सअॅपवर खोटी फुलं, खोटे पक्षी फिरतायत, लोक हात जोडतात आणि पुढे पाठवतात. पेपरातल्या फोटोचा आणि त्यांचा फरक खालच्या ओळीतूनच कळणार ना.

जागा नाही म्हणाल, तर नमुना देतो: 'दुधाच्या थेंबाचा मुकुट. हॅरॉल्ड एजर्टन, 1957. थेंब आपटला त्या क्षणी उडालेल्या फ्लॅशमध्ये टिपलेला, फ्लॅश सेकंदाच्या अगदी बारीकशा अंशापुरताच.' दोन-अडीच ओळी होतात, 'निसर्गाची किमया' काढली तर तेवढी जागा सहज निघेल.

आपला,
एक वाचक