मिल इलाक्यातल्या लाल वह्या रद्दीत घालू नका

संपादक महोदय,

इंदूरच्या मिल इलाक्याविषयी लिहिताना सगळे मालकांवर, संपांवर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर (चित्ररथांवर) लिहितात. किराणावाला, आटाचक्की, सायकल दुरुस्तीचे दुकान, कलाली (दारूचे दुकान) आणि मिलमधल्या खात्यातले (विभागातले) सोबती मात्र त्यातून सुटतात. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज साठीच्या घरात आहे. त्याच्या आधीच्या पिढीला विचारायला फार वेळ उरलेला नाही. मालवा मिल, परदेशीपुरा, पाटणीपुरा, नेहरूनगर या भागात जुने दुकान विकले किंवा पाडले जाते, तेव्हा माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्या सर्वांत आधी रद्दीवाल्याकडे जातात. आमची कळकळीची विनंती आहे की त्या थांबवाव्यात. कामगारांच्या रोजच्या जगण्याचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

या वह्या वाचायच्या कशा, ते सांगतो, कारण चुका तिथेच होतात. पानाच्या डाव्या अंगाला जमा (आलेले पैसे) आणि उजव्या अंगाला नावे (दिलेली उधारी). पान रेघांनी नव्हे, घड्या घालून पाडलेल्या सळांनी विभागलेले असते. वर्ष दिवाळीला सुरू होते आणि विक्रम संवताचे असते: दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतातून ५७ वजा करावेत, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे संवत २०४८ ची वही १९९१ च्या दिवाळीला उघडलेली. मराठी वाचक हमखास फसतो तो महिन्यात. मालव्यातले व्यापारी पौर्णिमेला महिना संपवतात, आपण अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात त्यांचा एक महिना पुढे. वहीत ‘अगहन वदी’ (मार्गशीर्ष वद्य) असेल तर तो आपला कार्तिक वद्य. हे ध्यानात न घेता तारीख काढली, तर ती महिनाभराने चुकते. काही जुन्या वह्या मुडिया या व्यापारी लिपीत असतात, त्यात काना-मात्रा जवळजवळ नसतात. मोडी येणाऱ्याला त्या वाचता येतील असे समजू नये. घरातल्या वृद्ध व्यापाऱ्यालाच शेजारी बसवावे.

१ एप्रिल १९५७ पूर्वीचे हिशेब रुपये-आणे-पैचे आहेत. वजने त्यानंतरही काही वर्षे शेर-छटाकात चालू राहिली. एक शेर म्हणजे १६ छटाक, सुमारे ९३३ ग्रॅम. किलोच्या भावाशी तुलना करताना हे आधी बदलून घ्यावे.

आता वहीत बघायचे काय? उधारीच्या नोंदी महिनाभर चढतात आणि एका ठरावीक सुमाराला जमेकडे मोठी रक्कम पडते. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याने पगार महिना संपल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यावा, असे तेव्हाचा १९३६ चा वेतन कायदा सांगत असे. किराण्याची, दूधवाल्याची, चक्कीची सगळी वसुली त्या पगाराला बांधलेली होती. वहीत तिथ्या असल्याने ती रक्कम दर महिन्याला वेगळ्या तिथीला दिसते. इंग्रजी तारखा काढून बघितल्या की ओळ जुळते. एखाद्या महिन्यात ती जमा आलीच नाही, तर पगार लांबला, माणूस आजारी पडला किंवा तो बदली कामगार होता. बदलीवाल्याला पाळीच्या आधी गेटवर उभे राहावे लागे आणि कुणी गैरहजर असेल तरच काम मिळे, म्हणून त्याची जमा लहान आणि तुटक असते. नोंदीपुढे ‘हस्ते’ लिहून आलेले नाव अजिबात सोडू नये. सामान प्रत्यक्ष कोण घेऊन गेले ते त्यावरून कळते, आणि पुष्कळदा तो घरचा मुलगा नसून खात्यातला सोबती निघतो.

म्हणून संवत २०४८ ची वही सर्वांत आधी मागावी. मिल मार्गशीर्षात बंद पडली. त्यानंतर कोणत्या घरची साखर आणि चहापत्ती थांबली, ज्वारी-गव्हाचे माप किती उतरले, कोणत्या दुकानदाराने पुढचे किती महिने उधार चालू ठेवले, हे त्या पानांवर आहे. कामगारांची देणी मिळायला पुढे बत्तीस वर्षे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये २२४ कोटी रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांतले कित्येक हयात नव्हते. मधल्या काळात घरे कशाच्या जोरावर तगली, हे शोधायला न्यायालयाची कागदपत्रे पुरणार नाहीत.

बीसीचीही (भिशीचीही) नोंद घ्यावी. वीस जण, प्रत्येकी दरमहा ठरलेली रक्कम, चिठ्ठी काढायची. ज्याचे नाव निघाले त्याने गोळा झालेले पैसे उचलायचे आणि फेरी संपेपर्यंत हप्ता भरत राहायचे. एका खात्यातल्या माणसांचीच बीसी असे, कारण पगार एकाच दिवशी होई आणि कोण कुठे राहतो ते सर्वांना ठाऊक असे. आधी नंबर लागलेला माणूस गावी निघून गेला तर भार बीसी चालवणाऱ्यावर पडे. मिल मध्येच बंद पडली की शेवटचे नंबर बुडाले. या हिशेबाच्या चाळीस पानी वह्या पेटीच्या तळाशी सापडतात.

कलालीची मात्र कागदावर फारशी खूण राहत नाही. तिथे विचारूनच लिहावे लागेल. दुकानाला लागून बसायचा अहाता असे. मध्य प्रदेश सरकारने असे सर्व अहाते १ एप्रिल २०२३ पासून बंद केले, त्यामुळे बसायची जागाही आता दाखवता येत नाही. कोणत्या खात्याची माणसे एकत्र बसत, १८० मिलीचा पव्वा किती जणांत, सोबत शेव की उकडलेले चणे, पैसे कोण देई, हे विचारावे. पगाराच्या दिवशी बायका मिलच्या गेटवर येऊन का उभ्या राहत, हेही लिहावे. ते गाळले तर आठवण खोटी होते.

माणसांशी बोलताना ‘मिलमध्ये काय करत होता’ एवढ्यावर थांबू नये. खाते विचारा: ब्लो रूम, कार्डिंग, रिंग, वाइंडिंग, सायझिंग, साचे (माग), फोल्डिंग. साच्याच्या खात्यात धोट्याच्या आवाजापुढे शब्द ऐकू येत नसत. माणसे ओठांवरून आणि खुणांवरून बोलत. त्या खुणा करून दाखवायला सांगा आणि त्यांचे चित्रीकरण करा, लिहून त्या कळत नाहीत. कार्डिंगवाल्याला (कापूस पिंजणाऱ्याला) सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून येत होती का, हे विचारा. कापसाच्या धुळीच्या आजाराची ती ओळख आहे.

साल विचारले तर बहुतेकांना आठवत नाही. होमी दाजी खासदार झाले (१९६२) त्याच्या आधी की नंतर, नर्मदेचे पाणी इंदुरात आले (१९७८) तेव्हा दुकान होते का, इंदिराजींची हत्या झाली तेव्हा कोणत्या पाळीत होता, असे विचारले की उत्तर जागेवर येते. ‘मिल बंद झाली’ हे वाक्यही तपासून घ्यावे. मालवा, कल्याण आणि स्वदेशी या मिलचे १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, हुकुमचंद खासगीच राहिली. प्रत्येक मिलचे बंद होण्याचे साल वेगळे आहे.

वह्यांचे फोटो खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पान पूर्ण उघडून आणि बाजूला मोजपट्टी ठेवून काढावेत. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे खातो. ओली वही उन्हात टाकू नये, शाई उडते. पानांमध्ये टिपकागद घालून ती पंख्याखाली वाळवावी. लाल बांधणीचा रंग ओलाव्याने पानांवर उतरतो, म्हणून नंतर ती कोऱ्या सुती कापडात गुंडाळावी.

आपल्या वृत्तपत्राने या वह्यांच्या पानांचे फोटो वाचकांकडून मागवून दर आठवड्याला एक पान छापावे. उधारीवाल्यांची नावे मात्र झाकावीत. त्यांची मुले-नातवंडे याच गल्ल्यांत राहतात, आणि कुणाच्या आजोबांकडे किती बाकी राहिली हे शहराला सांगण्याचा अधिकार त्या घराचाच आहे.

आपले,
मालवा मिल–परदेशीपुरा भागातील काही जुने रहिवासी, इंदूर