अवतरणाला तारीख हवी

नेत्यांच्या जीभ घसरण्याच्या प्रसंगांवरील आपल्या पुरवणीतील लेखात ‘जगात जो बदल पाहायचा आहे, तो स्वतः व्हा’ हे वाक्य अवतरणचिन्हांत गांधीजींच्या नावावर छापले आहे. या शब्दांत ते त्यांच्या लेखनात सापडत नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकात आरोग्यविषयक गुजराती लेखमालेत, तेही सर्पदंशावर लिहिताना, आपण स्वतः बदललो तर जगातील प्रवृत्तीही बदलतील, अशा आशयाचे विधान त्यांनी केले होते. आशयाचा कुणीतरी सारांश काढतो, पुढचा त्याला अवतरणचिन्हे लावतो आणि मग ते भाषांतरातून मराठीत येते. अशी चूक बहुतेक वेळा याच वाटेने होते.

जीभ घसरल्याची ध्वनिफीत तरी असते. नेत्याच्या नावावर चिकटवलेल्या वाक्याला त्या शब्दांत मूळच नसते आणि खुलासा करायला तो नेताही हयात नसतो. गांधीजींचे समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंडांत, कालानुक्रमे उपलब्ध आहे. तारीख, प्रसंग आणि मूळ भाषा या तीन गोष्टी मिळाल्या तरच अवतरणचिन्हे द्यावीत. अन्यथा ‘अशा आशयाचे’ असे लिहावे. या वाक्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत छापावी, ही विनंती.